चावी गरम, हीटर गार: जुन्या ट्रॅक्टरच्या थंडीतल्या नोंदी

४ डिसेंबर

शेडमधला थर्मामीटर ४ अंशांवर. दादानं सहा वाजता सेल्फ मारला. इंजिन कण्हत कण्हत फिरलं, सायलेन्सरमधून पांढरट धूर आला आणि बस. पंधरा-पंधरा सेकंदांचे पाच प्रयत्न झाले. पाचव्याला सेल्फचा आवाज बसायला लागला तेव्हा मी थांबवलं. दुपारी ऊन चढल्यावर तेच इंजिन अर्ध्या फेरीत चालू झालं.

गेल्या हिवाळ्यातही हेच होतं. तेव्हा हवेच्या वाटेत ईथरचे (चटकन पेट घेणाऱ्या द्रवाचे) फवारे मारून दिवस काढले. यंदा तसं करायचं नाही असं ठरवून ही वही घातली आहे.

ट्रॅक्टर १९७० च्या दशकातला. तीन सिलिंडर, अडीच लिटर, डायरेक्ट इंजेक्शन, रोटरी पंप, १२ व्होल्टची एक बॅटरी. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला वेगळा ग्लो प्लग (विजेनं तापणारी कांडी) नाही. त्याऐवजी इनलेट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यात, ज्योतीचा हीटर आहे, मेकॅनिक ज्याला थर्मोस्टार्ट म्हणतात तो. चावीला चार जागा: बंद, चालू, हीट आणि हीट-स्टार्ट.

हीटरचं काम साधं आहे. तारेचं वेटोळं वीज मिळाली की लाल होतं. त्या उष्णतेनं आतली नळी प्रसरण पावते, तिच्या तोंडाशी बसलेली बारीक गोळी जागा सोडते आणि वरच्या छोट्या डब्यातलं डिझेल थेंब थेंब उतरून तापलेल्या तारेवर पेटतं. सेल्फ मारला की आत ओढली जाणारी हवा त्या ज्योतीवरून जाते. वीज आणि डिझेल, दोन्ही पोचलं तरच हीटर. एक नसेल तर तो नुसता लोखंडाचा तुकडा.

हवा थोडी गरम झाल्यानं एवढा फरक का पडतो, हे मी आज कागदावर मांडून पाहिलं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबानं तापलेली हवाच डिझेल पेटवते. या इंजिनात हवा सुमारे अठरा पटींनी दाबली जाते, आणि त्या दाबानं हवेचं तापमान (केल्विनमध्ये मोजलेलं) दोन-अडीच पटींनी वाढतं. म्हणजे आत जाणारी हवा ३० अंशांनी गरम केली, तर दाबाच्या शेवटी ती साठ-सत्तर अंशांनी जास्त गरम असते. गार सिलिंडर आणि मंद फिरणारं इंजिन यांमुळे जिथं डिझेल पेटता पेटता राहतं, तिथं हे साठ-सत्तर अंश पारडं फिरवतात.

आजची एकच पक्की खूण म्हणजे पांढरा धूर. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा. म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाही. तेव्हा पंप आणि फिल्टरला आज हात लावत नाही.

५ डिसेंबर

दादाचं म्हणणं, "दोन सेकंदांचा फवारा की काम झालं. वही कशाला?"

त्याला बसवून सांगितलं. ईथर १६०-१८० अंशांच्या आसपास आपोआप पेटतं, डिझेलला दोनशेच्या वर लागतात. म्हणजे पिस्टन अजून वर येत असतानाच ईथर भडकतं आणि वर येणाऱ्या पिस्टनला खाली हाणतं. तो जो खणखण आवाज येतो, तो रिंगांच्या मधल्या कडांवर आणि कनेक्टिंग रॉडवर बसणारा घाव असतो. आणि मॅनिफोल्डमध्ये लाल झालेली तार असताना ईथर मारलं, तर भडका सिलिंडरच्या बाहेर, मारणाऱ्याच्या तोंडासमोर होतो. आपला हीटर बंद पडलेला होता म्हणूनच गेल्या वर्षी काही झालं नाही. आता मी हीटर दुरुस्त करणार आहे, म्हणून डबा शेडमधून बाहेर काढला. दादानं काही न बोलता तो कपाटात ठेवून कुलूप लावलं.

थंडीतल्या बिघाडाची मोठी अडचण ही की खरी चाचणी दिवसाला एकच मिळते. इंजिन एकदा चालू झालं की संपलं. पुढची परीक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे. नुसता सेल्फ मारून थांबलो तरी सिलिंडरच्या भिंती थोड्या तापतात आणि दुसरा प्रयत्न पहिल्यासारखा राहत नाही. म्हणून नियम केला: एका पहाटे एकच बदल, आणि फक्त पहिला प्रयत्न खरा धरायचा. लिहायचं काय? ब्लॉकला टेकवलेल्या थर्मामीटरचा आकडा, बॅटरीचे व्होल्ट, दहा सेकंदांत इंजिनाच्या किती फेऱ्या, धुराचा रंग.

फेऱ्या मोजायला पुढच्या पुलीवर खडूची रेघ मारली आणि मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घेतला. आजचा आकडा: दहा सेकंदांत १६. म्हणजे मिनिटाला ९६. दीडशेच्या आसपास तरी असायला हवं. हवा इतक्या सावकाश दाबली गेली तर ती तापायच्या आत रिंगांच्या फटीतून निसटते आणि राहिलेली उष्णता गार भिंती पितात.

६ डिसेंबर

बॅटरी. हायड्रोमीटरवर (ॲसिडचा घट्टपणा मोजायचं साधन) सगळ्या सेलमध्ये १.२४०. बघून बरं वाटलं, पण हा आकडा गारठ्यात फसवतो. हायड्रोमीटर २७ अंशांसाठी आखलेला असतो, आणि ॲसिड गार असलं की ते घट्ट होऊन काटा वर तरंगतो. दर साडेपाच अंशांना ०.००४ वजा करायचे. आज ॲसिड ५ अंशांवर, म्हणजे ०.०१६ वजा. खरा आकडा १.२२४, म्हणजे बॅटरी जेमतेम पाऊण भरलेली. त्यात थंडीत शिसे-ॲसिड बॅटरीची ताकद आधीच उतरते आणि घट्ट ऑइलमुळे इंजिन जास्त मागतं. घेणारा वाढतो आणि देणारा आटतो, दोन्ही एकाच वेळी.

रात्रभर सावकाश चार्जिंगला लावली.

७ डिसेंबर, ४ अंश

बॅटरी भरली. फेऱ्या १८. दोन वाढल्या, पण पुरेशा नाहीत.

आज दादाला सेल्फ मारायला बसवून मी मल्टिमीटर घेऊन खाली वाकलो. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन खांबांवर ९.७ व्होल्ट, पण सेल्फच्या बोल्टवर आणि बॉडीवर मोजले तर ८.३. मधल्या १.४ व्होल्टचा हिशेब लावायचा होता. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.३ गेले, ते चालेल. बॅटरीच्या मायनसपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत १.१. तिथं पाव व्होल्टसुद्धा जाऊ नये.

अर्थची, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला जोडणारी, पट्टी सोडली. ती ज्या कोनावर आवळली होती तो कोन कधीतरी रंगवलेला होता. बोल्टखाली रंगाचा थर तसाच, आणि वॉशरच्या कडेनं गंजाची तपकिरी कडी. इतकी वर्षं सगळा करंट त्या बोल्टच्या आट्यांतूनच वाट काढत होता. रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, पट्टीचं थिंबल (टोकाची धातूची कडी) घासलं, आणि पट्टी तिथं परत न लावता थेट गिअरबॉक्सच्या जाड बोल्टखाली घेतली. वरून ग्रीस.

८ डिसेंबर, ४ अंश

फेऱ्या २२. मिनिटाला १३२.

आकड्यांत एक गंमत दिसली. बॅटरीवर आज ९.५, म्हणजे कालपेक्षा कमी. अर्थ सुधारला म्हणून सेल्फ आता जास्त करंट ओढतोय, त्यामुळे बॅटरी थोडी जास्त दबते. सेल्फवर मात्र ९.०५ पोचतात. नुसत्या बॅटरीवर मीटर धरला असता तर दुरुस्तीनं नुकसान झालं असं वाटलं असतं.

आठव्या सेकंदाला एक सिलिंडर पेटलं, दोन-तीन ठोके दिले आणि विझलं. या चार दिवसांतला पहिला ठोका.

९ डिसेंबर

आजचा दिवस हीटरचा, आणि इथंच सगळं दडलेलं होतं.

एअर क्लीनरकडून येणारा रबरी पाइप काढून मॅनिफोल्डच्या तोंडाशी आरसा धरला. दादानं चावी हीटवर वीस सेकंद धरली. आत काळोखच, तारेवर लालीचा लवलेश नाही.

हीटरची वायर काढून तिच्या टोकावर मोजलं: १२.३ व्होल्ट. मागच्या वेळी तपासणारा इथवर येऊन थांबला असणार, "वीज येतेय, हीटर गेलाय" म्हणून. वायर परत जोडली आणि जोडलेल्या अवस्थेत मोजलं: ६.५ व्होल्ट. क्लॅम्प मीटरवर साडेसहा अँपिअर. वायर मोकळी असताना तिच्यातून करंटच वाहत नाही, त्यामुळे वाटेतला कितीही खराब जोड पूर्ण व्होल्ट दाखवतो. भार लावला की खरं कळतं.

मग फ्यूज घातलेली जाड वायर बॅटरीतून थेट हीटरला लावून पाहिली. ११.७ व्होल्ट, साडेअकरा अँपिअर, आणि सहा-सात सेकंदांत आरशात नारिंगी वेटोळं. म्हणजे तार शाबूत आहे. व्होल्ट जवळपास निम्मे होते, पण उष्णता निम्मी नव्हती. ६.५ गुणिले ६.५ म्हणजे ४२ वॅट, आणि ११.७ गुणिले ११.५ म्हणजे सुमारे १३४. हीटरला तिसऱ्या हिश्शाहूनही कमी मिळत होतं. तेवढ्यात तार कोमट होते, लाल नाही, आणि ती लाल झाल्याशिवाय गोळी जागा सोडत नाही.

उरलेले व्होल्ट कुठं जातात ते तुकड्या-तुकड्यानं मोजलं. भाराखाली बॅटरीवर १२.२ होते, त्यांतले ५.७ वाटेत. बॅटरीपासून चावीपर्यंत ०.४, चावीच्या आतल्या पॉइंटवर ३.१, चावीपासून हीटरपर्यंत २.०, हीटरच्या बॉडीपासून मायनसपर्यंत ०.२.

मोजता मोजता दादा म्हणाला, "अरे, चावी गरम लागतेय." हात लावून पाहिला. खरंच, वीस सेकंदांत चावीची मान बोटाला चांगलीच ऊन लागत होती. ३.१ व्होल्ट आणि साडेसहा अँपिअर म्हणजे वीस वॅट. मॅनिफोल्डमध्ये जायची ऊब डॅशबोर्डमागे जळत होती. दादा म्हणाला, गेली तीन-चार वर्षं चावी अशीच गरम होते, त्याला वाटायचं हीटर लागला की असंच होत असेल.

मधल्या वायरीतले दोन व्होल्ट काळ्या टेपच्या एका गाठीत सापडले. टेप सोलली तर आत दोन वायरी नुसत्या पिळलेल्या, तांब्यावर हिरवट पूड. त्यांतली एक वायर दिव्याला शोभेल एवढीच बारीक.

१० डिसेंबर

रिले, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवला. चावीनं आता फक्त रिलेची कॉइल चालवायची, हीटरचा करंट तिच्यातून जाणार नाही. बॅटरीच्या प्लसपासून ४ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीलगत २० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरला, ८७ नंबरवरून हीटरला. चावीची जुनी हीट वायर ८६ ला, ८५ बॉडीला. थिंबल दाबून वर सोल्डर केलं.

हीट-स्टार्टच्या जागेवर चावी गेली तरी रिले लागलेला राहतो का, हे मुद्दाम तपासलं. राहतो. सेल्फ फिरताना हीटर बंद पडला तर ज्योत नेमकी हवी तेव्हा विझेल.

जोडलेल्या हीटरवर आता ११.६. चावी गार.

११ डिसेंबर, ३ अंश

हीट वीस सेकंद. सहाव्या सेकंदाला इंजिन पेटलं, दोन सिलिंडरवर फडफडलं, मेलं. दुसऱ्या प्रयत्नाला चालू झालं आणि मिनिटभर पांढरा धूर ओकत राहिलं. ४ तारखेच्या मानानं मोठी मजल, पण हे काही हीटर चालल्याचं लक्षण नाही.

आबा बाजूला उभे होते. हा ट्रॅक्टर नवा आला तेव्हापासून त्यांच्या हाताखालचा. म्हणाले, "पूर्वी सेल्फ मारला की आतून भप्प असा आवाज यायचा. मग लगेच इंजिन घ्यायचं. तो आवाज कधी बंद झाला, लक्षातच आलं नाही."

भप्प म्हणजे ज्योत. तार लाल होतेय, पण डिझेल येत नाही.

१२ डिसेंबर

डबा शोधला. इंजिनाच्या वरच्या अंगाला, हीटरपेक्षा उंच, मुठीएवढा पत्र्याचा डबा. मूळ रचनेत नोझलमधून (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांमधून) उरलेलं डिझेल आधी या डब्यात येतं, डबा भरलेला राहतो आणि जास्तीचं टाकीत परत जातं. इथं नोझलची नळी डब्याला वळसा घालून प्लास्टिकच्या पाइपनं थेट टाकीकडे नेलेली. डब्याच्या तोंडावर रबराचा तुकडा आणि त्यात एक बोल्ट ठासलेला. आत डिझेलचा थेंब नाही. तळाशी मात्र गुळाच्या पाकासारखा चिकट तपकिरी थर, बोट घातलं तर तार सुटेल असा, आणि हीटरकडे जाणारी बारीक तांब्याची नळी त्याच गाळानं गच्च. गिटारच्या तारेचा तुकडा घालून ती मोकळी केली, डिझेलनं धुतली, हवा मारली.

पण कुणीतरी हे मुद्दाम केलं होतं, आणि त्याचं कारण कळल्याशिवाय नळी पूर्ववत जोडणं बरोबर नव्हतं. हीटर काढला, नळीला लावून काचेच्या बरणीवर धरला आणि डबा भरला. वीज नाही, हीटर गार. तरीही चाळीसेक सेकंदांनी एक थेंब टपकला. मग दुसरा. गोळी बसत नाही.

म्हणजे हीटर गळत होता, आणि ज्यानं डबा बंद केला त्यानं गळती थांबवली होती. त्यात चूक नव्हती. रात्रभर मॅनिफोल्डमध्ये डिझेल साचलं तर सकाळी ते सिलिंडरमध्ये ओढलं जातं. थोडं असेल तर इंजिन बेभान पळतं, जास्त असेल तर पिस्टन त्या डिझेलवर आदळतो, कारण द्रव दाबला जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. फक्त ते तात्पुरतं काम तसंच राहिलं आणि हीटर कोरडाच तापत गेला.

१४ डिसेंबर

नवा हीटर आला. ट्रॅक्टरवर चढवण्याआधी उघड्यावर, टाकीपासून लांब, लोखंडी शिकंज्यात धरून तपासला. वाळूची बादली शेजारी. आधी नुसतं डिझेल लावून दहा मिनिटं थांबलो, एकही थेंब नाही. मग वीज. पाच सेकंदांत तार लाल, बारा-तेराव्या सेकंदाला चुरचुर आवाज, तारेवर ओल चमकली, धुराची एक रेघ आणि लगेच बोटभर पिवळी ज्योत. वीज काढल्यावर ज्योत काही सेकंद रेंगाळली आणि गोळी बसली तशी विझली. मी तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा आबांसाठी.

बसवताना आट्यांना टेप लावली नाही. या हीटरला वेगळी अर्थ वायर नसते, त्याचा अर्थ त्याच आट्यांतून मॅनिफोल्डमध्ये जातो. आटे तारेच्या ब्रशनं साफ केले, मॅनिफोल्ड आतून पुसून कोरडं केलं, तांब्याच्या वॉशर नव्या घातल्या, नोझलची नळी मूळच्या वाटेनं डब्यात आणली.

नोझलकडून डिझेल थेंबांनीच परत येतं, त्यामुळे डबा आपोआप भरायची वाट पाहिली असती तर पहिल्या काही पहाटे हीटर कोरडाच तापला असता. म्हणून डबा हातानं भरला आणि हीटरकडचा नट सैल करून, बुडबुडे संपून सलग थेंब येईपर्यंत हवा काढली.

१५ डिसेंबर, ३ अंश

क्लच दाबलेला, थ्रॉटल पूर्ण, हीट वीस सेकंद, मग हीट-स्टार्ट.

भप्प.

तिसऱ्या सेकंदाला तिन्ही सिलिंडर. पांढरा धूर मोजून दहा सेकंद. आबा म्हणाले, "हाच." दादानं वही मागून घेतली आणि आजची ओळ स्वतः लिहिली.

क्लचबद्दल एक: तो दाबला की सेल्फला गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल ढवळावं लागत नाही. न दाबता आणि दाबून मोजलं, दहा सेकंदांत एका फेरीचा फरक पडतो.

२२ डिसेंबर, २ अंश

तीन दिवस ट्रॅक्टर उभा होता. आज भप्प आवाज आला, इंजिन दोन ठोके देऊन थांबलं आणि मग काहीच नाही. दादा वैतागला, "परत तेच!"

पण तेच नव्हतं. आज सायलेन्सरमधून धूरच नव्हता. पांढरा धूर म्हणजे डिझेल आहे, ऊब नाही. धूर नाही म्हणजे डिझेलच नाही. हीटरकडे बघायचं कारण नव्हतं.

आधी गारठ्यानं डिझेलमध्ये मेण धरलं का ते पाहिलं. फिल्टरच्या काचेतलं डिझेल स्वच्छ, ढगाळपणा नाही. मग फिल्टरचा वरचा बोल्ट सैल करून फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) दांडी हलवली तर फेसच फेस. दांडीला आधी जोर लागत नव्हता, तेव्हा इंजिन थोडं फिरवून घेतलं, कारण पंपाचा कॅम उंचवट्यावर थांबला असेल तर दांडी पोकळ चालते. टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपच्या क्लिपपाशी बारीक भेग निघाली. डिझेल बाहेर गळत नव्हतं, हवा आत जात होती. दोन-तीन दिवस उभं राहिलं की नळीतलं डिझेल टाकीकडे उतरायचं.

पाइप बदलला. फिल्टर, पंप, शेवटी नोझलचे नट, या क्रमानं हवा काढली.

२७ डिसेंबर

ऑइल बदललं. आत ४० ग्रेडचं एकेरी होतं, आता १५डब्ल्यू-४०. यातला डब्ल्यू विंटरचा. तापल्यावर दोन्ही सारखीच, पण गारठ्यात दुसरं पातळ राहतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ३ अंशांवर फेऱ्या २५. ४० ग्रेडवर त्याच तापमानाला २२ होत्या.

३ जानेवारी, ३ अंश

मनात शंका होती. भरलेली बॅटरी, चांगला अर्थ, पातळ ऑइल, एवढं झाल्यावर हीटर लागतोच का? रिलेची वायर काढून दहा सेकंद सेल्फ मारला. भरपूर पांढरा धूर, एक अर्धवट ठोका, इंजिन नाही. मिनिटभर थांबून वायर लावली, हीट वीस सेकंद, आणि अडीच सेकंदांत चालू.

हा पुरावा पूर्ण नाही, कारण पहिल्या दहा सेकंदांनी सिलिंडर थोडे तापले होते. म्हणून ४ तारखेला, पुन्हा ३ अंशांवर, थेट हीटरनं सुरुवात केली. तीन सेकंद. आता शंका नाही.

१९ जानेवारी, १ अंश

या हिवाळ्यातली सगळ्यात गार पहाट. मी उठायच्या आत दादानं ट्रॅक्टर बाहेर काढला होता. वहीत त्याच्या अक्षरात: "१ अंश. हीट २५. चार सेकंद. चावी गार."

चालू झाल्यावरही पाच-सात सेकंद चावी हीटवर धरली तर सुरुवातीचा धूर निम्म्यावर येतो, हे त्यानंच शोधलं. मी करून पाहिलं, बरोबर आहे.

पहिला अर्धा मिनिट तिसरं सिलिंडर अजून अधूनमधून चुकतं. त्याच्या नोझलचा नट सैल केला तर आवाजात फरक पडत नाही, बाकी दोघांचा केला तर पडतो. गरम झाल्यावर तिन्ही सारखी. नोझलचा फवारा खराब आहे की कॉम्प्रेशन कमी, ते नोझल काढून दाबावर तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. ते थंडी सरल्यावर. हीटरचा डबा दर वर्षी थंडीआधी काढून धुवायचा, असं वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहिलं आहे.